मिटल्या डोळ्यांचा जबाब

पिंपळगाव बसवंत
गुरुवार, ६ मार्च २०२५

चि. ज्ञानेश यास,
सप्रेम सलाम. वि. वि.

रविवार, २ मार्च रोजी पाड्यावर, आपल्या घरी जे झालं ते असं:

१. सकाळी दहाला उपास-प्रार्थना सुरू झाली. घरात एकतीस माणसं होती. साखळीत, म्हणजे एकाचा तास संपला की दुसऱ्याचा सुरू होतो त्या न थांबणाऱ्या प्रार्थनेत, अकराचा तास ज्ञानेशचा होता. तो दारापासून दोन हातांवर, भिंतीला पाठ लावून बसला होता.
२. दार सताड उघडं होतं. प्रभू कधी परत येईल ते ठाऊक नाही, म्हणून साखळी चालू असताना आमच्याकडे दाराला कडी लावत नाहीत. १६ फेब्रुवारीला आमची प्रार्थना बंद पाडायला याच दारातून पाड्यावरचा गोरक्ष आणि आणखी तिघं आले आणि गोरक्षने वडिलांचा उजवा हात मोडला. त्यानंतरही कडी लावली नव्हती.
३. ११.३५ ला सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करत होते, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. माझे उघडे होते.
४. ११.४० ला चुलतभाऊ नवनाथ, मोठ्या बाबांचा मुलगा, अंगणात आला. एकटा. हातात काठी, कोयता काही नव्हतं. उंबऱ्यापाशी त्याने चपला काढल्या आणि बाजूला ठेवायला वाकला.
५. ज्ञानेश उठला. चटईखालची पहार दोन्ही हातांनी उचलून त्याने नवनाथच्या तोंडावर मारली. एकच घाव. डाव्या गालाचं हाड आत गेलं.
६. नवनाथ उंबऱ्यावर आडवा पडला. ज्ञानेशने पहार अंगणात फेकली आणि तो मागच्या दाराने गेला.
७. लोकांनी डोळे उघडले तेव्हा नवनाथ रक्तात होता आणि ज्ञानेश घरात नव्हता.
८. सात मिनिटांनी गोरक्ष अठरा-वीस माणसं घेऊन आला. ते नवनाथला ओलांडून आत शिरले. दगड लागून आईचं डोकं फुटलं. गोरक्षने अंगणात पडलेली पहार उचलली आणि तिने भजनाची पेटी फोडली. दोन मोटारसायकली पेटवल्या.
९. पोलीस १२.२५ ला आले. तेव्हा पहार गोरक्षच्या हातात होती. तिच्यावर नवनाथचं रक्त होतं.

हा माझ्या जबाबाचा कच्चा मसुदा. वेळा माझ्या घड्याळाच्या आहेत. काही चुकलं असेल तर क्रमांक लिहून कळव.

आता घरचं. आईला सहा टाके पडले. तिला त्याहून जास्त वाईट पेटीचं वाटतंय. नवनाथ नाशिकला दवाखान्यात आहे. डावा डोळा गेला, जबडा तारांनी बांधलाय. त्याला मारल्याबद्दल गोरक्ष आत आहे. मंडळीतल्या सगळ्यांनी एकच जबाब दिला आहे: डोळे मिटलेले होते, उघडल्यावर गोरक्षच्या हातात पहार पाहिली. मी आईबरोबर दवाखान्यात होते म्हणून माझा जबाब राहिला. सोमवारी २४ तारखेला सकाळी अकराला बोलावलं आहे.

दीपकभाऊ परवा कोल्ड स्टोरेजच्या गेटवर येऊन भेटून गेले. पाळक म्हणून नाही, भाऊ म्हणून आलोय म्हणाले. मीही तसंच सांगावं, त्यात खोटं एक अक्षर नाही, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्यांच्या बाबतीत ते खरं आहे, एवढंच मी बोलले. चहा न घेता गेले.

तुझा फोन बंद आहे, म्हणून कागद. आमच्या टेम्पोचे भिकामामा माल टाकायला नाशिकला येतात, ते आणून देतील. सोबत स्वेटर आणि शेंगदाण्याचे लाडू आहेत. लाडू मी केलेत, तेव्हा दात सांभाळून खा.

लोभ आहे, तो धरून राहा.

तुझी,
सायली

•

इंदिरानगर, नाशिक
सोमवार, १० मार्च

ती. ताईस,
सा. सलाम. वि. वि.

वाटलं बहिणीचं पत्र आलं, उघडलं तर पंचनामा निघाला. लाडू खाल्ले. एक लाडू साइटवरच्या मुकादमाला दिला, तो म्हणाला विटा कमी पडल्या तर कळवतो.

तुझा क्रमांक तीन मला आधीपासून माहीत आहे. लहानपणी बाबा प्रार्थना करायचे तेव्हा आम्ही सगळे डोळे मिटून आणि तू टकामका बघत. देवावर पण सीसीटीव्ही लावणारी बाई तू. तेव्हा हसायला यायचं. आता नाही येत.

क्रमांक चार चूक आहे. त्याच्या हातात काहीतरी होतं. मी डोळे उघडले तेव्हा दारात सावली होती, माणूस दिसलाच नाही. कोण आहे ते कळलंच नाही.

आणि १६ तारीख तू एका ओळीत उरकलीस. तू त्या दिवशी तिथे नव्हतीस ताई, तुझ्या मशिनींपाशी होतीस. मला दोघांनी भिंतीला दाबून धरलं होतं. गोरक्षने बाबांच्या कोपरावर पाय दिला आणि मनगट धरून वर ओढलं. एका झटक्यात नाही, हळूहळू. हात ओल्या फांदीसारखा आधी वाकला आणि मग मोडला. बाबा तेव्हाही त्याच्यासाठी प्रार्थनाच करत होते, मोठ्याने, आणि तो हसत होता. तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. इथे कुणी फळी तोडली तरी माझ्या तोंडात आंबट पाणी येतं. तो त्याच संध्याकाळी सुटून आला आणि आपल्या दारावरून शीळ घालत गेला. हे लिही ना जबाबात. याला नंबर दे.

मी पश्चात्ताप केला आहे. त्या दिवसापासून थांबलो नाही. सिमेंटची पोती वाहतानाही ओठ चालू असतात. गुडघ्याची कातडी गेली आहे, ये आणि बघ. प्रभूने मला क्षमा केली, मला आत कळलं. तो येणार आहे, फार दिवस राहिले नाहीत, मग पोलिसांचा कागद कुणाच्या कामाचा? गोरक्ष आत आहे. ज्यासाठी आत जायला हवा होता त्यासाठी नाही, पण आत आहे. मी यात प्रभूचा हात बघतो. सडू दे त्याला.

आणि एक विचारतो. तुला सगळं दिसतं ना? मग मी पहार चटईखाली ठेवत होतो तेव्हा तुझे डोळे कुठे होते?

रागावलो तरी तुझाच आहे. माया आटू देऊ नकोस.

ज्ञानेश

•

पिंपळगाव बसवंत
शुक्रवार, १४ मार्च

चि. ज्ञानेश यास,
सप्रेम सलाम. वि. वि.

क्रमांक चार बरोबर आहे. त्याच्या हातात चपला होत्या. मारायला आलेला माणूस चपला काढत नाही. १६ तारखेचे चौघे बुटांसकट आत आले होते, हे तूच मला फोनवर सांगितलं होतंस.

१६ तारखेचं तुझं म्हणणं बरोबर आहे. मी तिथे नव्हते, म्हणून तो प्रसंग माझ्या जबाबात एका ओळीपलीकडे येत नाही. तो तुझ्या जबाबात यायला हवा. तुझा जबाब कुणी घेतलेला नाही, कारण तू लपला आहेस.

पहारीचं. १०.५० ला तू ती न्हाणीमागून आणलीस आणि चटईखाली सरकवलीस. मी पाहिलं. हत्यार घरात येणार नाही असं बाबांनी आठवडाभर सगळ्यांना बजावलं होतं, तेही मला माहीत होतं. मी उठून तुझ्यापाशी येऊ शकत होते. आले नाही. मला बरं वाटलं. या वेळी आपल्यातलं कुणीतरी तयार आहे, असं वाटलं. नेमका शब्द समाधान असा आहे. हे मी आधी लिहिलं नव्हतं, आता क्रमांक दोननंतर घातलं आहे. तू विचारलं नसतंस तर घातलं असतं का, ते सांगता येत नाही.

काल सुट्टी टाकून नवनाथला बघून आले. तोंड सुजून डाव्या कानापर्यंत काळंनिळं झालंय. नळीने पेज देतात. मोठी आई उशाशी बसून होती. मला पाहताच गळ्यात पडली आणि गोरक्षच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. मग माझा कान तोंडापाशी ओढून म्हणाली, ज्ञानेशला कुठं ठेवलंय ते मला पण सांगू नको गं बाई, ते मेले त्याला पण धरून मारतील. मोठे बाबा बाहेर बाकावर होते. तुमच्या देवामुळे माझं पोर गेलं, एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवलं.

नवनाथला बोलता येत नाही, तो वहीत लिहितो. चपला काढल्या इथपर्यंत त्याला आठवतं. पुढचं काही नाही. त्याने लिहिलं, मागून गोरक्षने मारलं ना? मी म्हटलं माझा जबाब २४ तारखेला आहे. त्याच्या खाटेचं डोक्याकडचं हँडल अडकत होतं, ते दुरुस्त केलं आणि निघाले. गोरक्ष मागून आला असता तर घाव मागे बसला असता, हे त्याच्या लक्षात आलेलं नाही. कधीतरी येईल.

त्याने आणखी एक वाक्य लिहिलं: काकांनीच बोलावलं होतं. मला अर्थ लागला नाही. बाबांना पत्र टाकून विचारलं आहे.

माया आटलेली नाही. तशी ती आटतही नाही.

सायली

•

पाडा, हरसूल
सोमवार, १७ मार्च

चि. सायलीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद, प्रभूची शांती.

हात प्लास्टरात हाय, म्हणून तुझी आई लिहिते. मी सांगतो तसंच लिही म्हटलं तिला, सुधारू नको. ती मान हलवते आणि सुधारते.

तू विचारलं त्याचं खरं सांगतो. नवनाथला मीच बोलावलं. शनिवारी त्याच्या खळ्यावर जाऊन सांगितलं, बाबा रे, उद्या आमच्या दारात येऊन बस. तू थोरल्या घराचा पोरगा. थोरल्या घराचा पोरगा उंबऱ्यावर बसला तर पाड्यातला कोणी हात उचलत नाय, ही आपली जुनी रीत. देवीला मानणारं घर असो नायतर प्रभूला, रीत सगळ्यांची एकच. तो म्हणाला, काका, तुमच्या प्रार्थना-बिर्थना मी करणार नाय, नुसता बसेन. मी म्हटलं नुसता बस, भाकर खाऊन जा. बापाला न सांगता आला तो. उशीर झाला त्याला, गाईचं वासरू सुटलं होतं म्हणे.

हे मी ज्ञानेशला नाय सांगितलं. तो सोळा तारखेपासून पेटलेला होता. थोरलं घर देवीच्या बाजूचं, त्याचं नाव काढलं का उठून जायचा. त्यांच्या पोराच्या आडोशाला बसायचं का, म्हणून भांडला असता. मला वाटलं, येईल तेव्हा दिसेलच. तिथं मी चुकलो. प्रभूवर भरवसा म्हणून दार उघडं ठेवलं आणि रितीवर भरवसा म्हणून नवनाथला बोलावलं, आणि पोटच्या पोरावर भरवसा ठेवला नाय.

मी डोळे मिटले होते हे खरं. पण तो आवाज मी ओळखला. पहार आपल्या घरची, मीच तिचं टोक वाकवलेलं. जबाबात मी नाय सांगितलं. कोणी विचारलं नाय असं मनाला सांगतो. दीपकभाऊंनी आपल्या मंडळीच्या चौदा घरांचं नाव काढलं. आपणच मारलं असं निघालं तर चौदा घरं पाड्यावरून उठतील म्हणाले. तेही खोटं नाय.

मी ठरवलं होतं का मीच जाऊन सांगावं, मी मारलं म्हणून. तुझी आई म्हणाली, मोडक्या हातानं पहार उचलली असं सांगाल तर पोलीस हसतील. मग रडली.

साखळी चालू हाय. काल माझ्या तासाला गोरक्षचं नाव घेतलं. तीनदा अडखळलो. चौथ्यांदा निघालं. पोरी, मी इतकी वर्षं शिकवलं का प्रभू येईल तेव्हा आपण आत्म्यानं, मनानं, अंगानं, सगळेच्या सगळे त्याच्यासमोर निर्मळ उभे राहू. गाऱ्यानं भिंत सारवल्यागत वरवर नाय. शिकवायला लय सोपं होतं.

तुला काय कर ते मी सांगणार नाय. तू सांगशील ते मला चालंल. ज्ञानेशला माझी पापी कळव. तो लहान असल्यापासून त्याला राग आला का भूक लागत नाय, तेवढं बघ.

तुझा बाप,
बारकू भोये

(लेकी, मी काहीच सुधारलं नाही. आई.)

•

इंदिरानगर
बुधवार, १९ मार्च

ताई,

बाबांचं पत्र तू पाठवलंस ते मिळालं. दोनदा वाचलं, मग साइटच्या भिंतीवर डोकं आपटलं. मुकादमाने धरलं. कपाळाला पट्टी आहे, काळजी करू नको.

मला का नाही सांगितलं? मोडका हात घेऊन त्याच्या खळ्यापर्यंत चालत गेले आणि मला, घरातल्या घरात, एक शब्द नाही?

आता ऐक. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. सावली नव्हती. मी त्याला ओळखलं होतं. चपला ठेवताना त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघून हसला. लहानपणी बोरं चोरायला बोलवायचा तसा. मला त्या हसण्यात गोरक्ष दिसला. नाही, तेही खोटं. मला नवनाथच दिसला. मी म्हटलं, हा त्यांचाच, थोरल्या घराचा, याला हसू येतंय, आणि पहार उचलली. उचलताना आणि खाली आणताना, मध्ये वेळ होता ताई. थांबता आलं असतं इतका होता. मी थांबलो नाही आणि त्या क्षणाला मला गोड वाटलं.

रोज तोच घाव बसतो. प्रार्थनेला डोळे मिटले की आधी तो हसतो.

हे फक्त तुला सांगितलं. मला तुरुंगात जायचं नाही. आत गोरक्षची माणसं आहेत, ती माझा हात मोडणार नाहीत, मान मोडतील. तू देवावर एवढा विश्वास ठेवत नाहीस, मग तुला काय फरक पडतो? एकदा म्हण, माझेही डोळे मिटले होते. आयुष्यात एकदाच. मी पाया पडतो.

तुझा,
ज्ञानेश

•

पिंपळगाव बसवंत
गुरुवार, २० मार्च २०२५

चि. ज्ञानेश यास,
सप्रेम सलाम. वि. वि.

कपाळाची जखम पाण्याने धुऊन घे, साइटवरच्या बोअरच्या नाही, पिण्याच्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घे. मुकादमाला माझे आभार सांग.

मी डोळे मिटले होते असं सांगणार नाही. कारण लिहिते.

मी देवावर किती विश्वास ठेवते ते मला मोजता येत नाही. जे मोजता येतं ते सांगते. इथे निर्यातीची द्राक्षं आली की आधी थंड खोलीत ठेवतात. खोलीच्या भिंतीवरचा आकडा तासाभरात एक अंशावर येतो. नवीन माणूस तो बघून खूश होतो आणि गाडी भरायला सांगतो. माझं काम त्याला थांबवण्याचं. मी पेटीच्या मधला घड काढते आणि एका मण्यात सुई खुपसते. आत अजून अकरा असतं. तो माल वरून थंड दिसतो आणि बोटीत सडतो. तुझे गुडघे सोलले, ओठ थांबत नाहीत, हे मला खोटं वाटत नाही. तो भिंतीवरचा आकडा आहे. कालचं पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा सुई आत गेल्यासारखी वाटली. ते पत्र तू मला लिहिलंस. ते ऐकण्याचा हक्क नवनाथचा आहे.

तुला क्षमा झाली असेल. मी त्यावर बोलणारी कोण? पण गोरक्ष जे केलं नाही त्यासाठी आत आहे आणि जे केलं त्यासाठी बाहेर होता. दोन्ही चूक आहेत. दुसरी चूक पहिलीने बरी होत नाही. त्याने बाबांचा हात मोडला तो प्रसंग तुझ्यासारखा कुणी पाहिलेला नाही. तू पुढे येऊन सांगितलास तर तो त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा उभा राहील.

तुझा अकराचा तास साखळीत रिकामा होता. आठ दिवसांपासून तो मी घेतला आहे. कंप्रेसरच्या खोलीत उभी असते, दर पंधरा मिनिटांनी दाबाचे आकडे लिहायचे असतात, त्या मधल्या वेळात. पहिल्या दिवशी काय म्हणायचं ते सुचलं नाही, म्हणून नावं घेतली. नवनाथ, तू, मोठी आई, चौथ्या दिवशी गोरक्ष. माझ्याच समाधानाबद्दल मी अजून क्षमा मागितलेली नाही. मागेन. ते मी नवनाथला सांगितल्यावर मागायचं ठरवलं आहे, आधी नाही.

चौदा घरांबद्दल दीपकभाऊंना जी भीती आहे ती मलाही आहे. गेले दोन दिवस मी तीच तपासून पाहिली. आपण मारलं आणि लपवलं, हे उद्या नवनाथच्या आठवणीतून किंवा डॉक्टरच्या कागदातून निघालं तर ती घरं उठतीलच. आपण मारलं आणि आपणच सांगितलं, तर कदाचित उठतील, कदाचित नाही. एवढाच फरक आहे. बाबांना मी हे कळवलं. ते येणार आहेत. स्वतःचा जबाबही बदलणार आहेत.

प्रभू कधी येईल ते मला माहीत नाही. सोमवारी अकरा कधी वाजतील ते माहीत आहे. त्या वेळी मी दोन मार्चच्या सगळ्या गोष्टी क्रमाने सांगेन, पहार पाहून गप्प राहिले तेही. तुझ्या कालच्या पत्रातलं सांगणार नाही. ते तुझं आहे, तूच सांगायचंस. तू कुठे आहेस असं विचारलं तर पत्ता सांगेन. हे तुला आधी कळवते आहे, म्हणजे मी फसवलं असं तुला वाटणार नाही. मधे तीन दिवस आहेत. तू पळून जाऊ शकतोस. मी भिकामामांना तुझ्यावर नजर ठेवायला सांगितलेलं नाही.

वकील पाहिला आहे. बाई आहेत, कमी बोलतात. स्वतःहून हजर झालास तर पुष्कळ फरक पडतो आणि तुला गोरक्षच्या माणसांपासून वेगळं ठेवावं असा अर्ज त्याच दिवशी देता येतो, असं त्या म्हणाल्या. शिक्षा होईल. किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही अंदाज करणार नाही. आधी दवाखान्यात जायचं असेल तर नऊ वाजता मी दवाखान्याच्या फाटकाशी असेन. मोठी आई तुला पाहून आधी गळ्यात पडेल, कारण तिला अजून काही माहीत नाही. तेव्हा तुला तिला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल. ते सगळ्यात अवघड असेल. मी शेजारी उभी राहीन, पण तुझ्याऐवजी बोलणार नाही.

जबाब तुझ्याविरुद्ध जाईल, मी नाही. तू आत असशील तितके दिवस भेटीच्या प्रत्येक वाराला मी येईन. लाडू आईकडून करून आणीन. माझ्यावर लोभ ठेवणं तुला जड जाईल तरी ठेव.

येणार की नाही, एवढंच शनिवारी, २२ तारखेला, सायंकाळी सहाच्या आत भिकामामांकडे लिहून दे.

तुझी,
सायली